मैत्रिणीच्या नावावर परदेशातली जमीन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ५७ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमान ६१ वर्षांचे. गेली सात वर्षं दोघं दर डिसेंबर-जानेवारीत थायलंडला, चिआंग माईजवळच्या एका गावात राहायला जातात. तिथल्या एका कुटुंबाशी घरोबा झाला आहे. आता कायमचंच तिथे राहायचं मनात आहे. दीड राय (राय हे तिथलं जमिनीचं माप) जमीन पाहून ठेवली आहे. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही हे कळल्यावर त्या घरातली मैत्रीण म्हणाली, "माझ्या नावावर घ्या, मी कुठे पळून जाणार आहे?" एजंट म्हणतो, त्यापेक्षा कंपनी काढा, नाहीतर तीस-तीस-तीस असा नव्वद वर्षांचा भाडेपट्टा करा. यजमानांचं म्हणणं, पाच-सहा वर्षांत नागरिकत्व मिळेल, मग जमीन आपल्या नावावर करून घेऊ. मुलाचा या सगळ्यालाच विरोध आहे. पुढच्या महिन्यात ३ लाख बाट इसार द्यायचा आहे. ताई विचारतात, "माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. तिच्याकडे कागद मागायची मला लाज वाटते. विश्वास टाकावा की नाही?"

प्रिय ताई,

तुमची मैत्रीण प्रामाणिक आहे, हे मी धरूनच चालते. सात वर्षांत माणूस कळतो. ती पैसे बुडवेल का, हा प्रश्न तुमच्या मुलाने पुरेसा लावून धरलेला दिसतो, म्हणून मी तो बाजूला ठेवते. मला वेगळंच विचारायचं आहे. तिच्या नावावर जमीन घेतलीत तर तिच्या डोक्यावर काय येऊन पडेल, याचा विचार तुमच्या घरात कुणी केला आहे का?

थायलंडचा जमीन कायदा १९५४ सालचा आहे. परदेशी व्यक्तीला जमीन घेण्याची एक वाट त्यात ठेवलेली होती, पण ती दोन देशांमधल्या करारावर अवलंबून होती आणि असे सगळे करार १९७० पर्यंत संपुष्टात आले. तेव्हापासून परदेशी माणसाचं नाव जमिनीच्या कागदावर लागत नाही. अपवाद आहे तो असा, की ४ कोटी बाट सरकारने ठरवून दिलेल्या ठिकाणी गुंतवून किमान ५ वर्षं तिथेच ठेवायचे, आणि मंत्र्यांच्या परवानगीने राहण्यापुरती १ राय जमीन घ्यायची. राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. निवृत्तीच्या पैशावर जगणाऱ्याला ही वाट परवडणारी नाही, त्यामुळे ती सोडून देऊ.

आता तुमची मैत्रीण जमीन कचेरीत जाईल, पैसे माझे आहेत आणि जमीन मी माझ्यासाठी घेते आहे असं सांगेल. आपल्याकडे ज्याला बेनामी व्यवहार म्हणतात तोच हा. परदेशी माणसासाठी आपलं नाव वापरू देणाऱ्याला त्याच कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद, २०,००० बाटपर्यंत दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. ज्याच्यासाठी घेतली त्यालाही तेवढीच शिक्षा. शिवाय जमीन ठरावीक मुदतीत, म्हणजे किमान १८० दिवस आणि जास्तीत जास्त वर्षभरात, विकून टाकावी लागते. नाही विकली तर जमीन खातं स्वतः विकतं. तुमच्यासाठी हा पैशाचा धोका आहे. तिला मात्र त्याच गावात, त्याच कचेरीसमोर उरलेला जन्म काढायचा आहे. ती भाबडेपणाने "माझ्या नावावर घ्या" म्हणाली असेल. तिला हे कलम माहीत आहे की नाही, हे तुम्ही विचारलंत का? मला वाटतं, लाज वाटावी तर हे न विचारण्याची वाटावी.

आणि ज्या कागदाची तुम्हाला लाज वाटते आहे, तो मागूनही उपयोग नाही. "जमीन माझ्या नावावर असली तरी खरी मालकी अमुक जोडप्याची" असं तिने लिहून दिलं, तरी कायद्याने मना केलेल्या गोष्टीसाठी केलेला करार तिथे मुळातच निरर्थक ठरतो. भांडण झालं आणि तो कागद कोर्टात दाखवलात, तर तुम्ही स्वतःच्या हाताने कबुलीजबाब दिल्यासारखं होईल.

माणसं चांगली असली तरी वेळ चांगली राहील याची हमी नसते. ती अचानक गेली तर जमीन तिच्या वारसांकडे जाईल, आणि त्यांनी तुम्हाला फक्त नाताळच्या सुट्टीतले पाहुणे म्हणून पाहिलेलं आहे. तिच्या धाकट्या भावाने कर्ज काढलं आणि ती जामीन राहिली, तर सावकार तिच्या नावावरची जमीनच बघणार. नवऱ्याशी बिनसलं तर लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता तिथल्या कायद्यात नवरा-बायको दोघांची धरतात. यातल्या एकाही प्रसंगात तिचा प्रामाणिकपणा कमी पडलेला नसेल. म्हणून "विश्वास टाकावा का" याचं उत्तर कितीही ठाम "हो" असलं, तरी त्याने जमिनीचा प्रश्न सुटत नाही.

कंपनीच्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. निम्म्याहून जास्त भाग थाई माणसांच्या नावावर दाखवायचे, ती माणसं नुसती सहीपुरती, आणि कंपनीचा धंदा काय तर तुम्ही राहता ते घर सांभाळणं. परदेशी व्यवसायांबद्दलचा १९९९ चा कायदा असल्या सहीपुरत्या भागधारकांना आणि त्यांना उभं करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख ते १० लाख बाट दंड, किंवा दोन्ही सांगतो. जो एजंट हे "सगळेच करतात" म्हणून सांगतो, तो व्यवहार झाल्यावर दलाली घेऊन मोकळा होतो. त्याची सही कुठेच नसते, एवढं लक्षात ठेवा.

भाडेपट्टा मात्र नीट बघण्यासारखा आहे. फक्त त्यातली नव्वद वर्षं विसरा. थायलंडच्या दिवाणी संहितेनुसार जमिनीचा भाडेपट्टा एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षांचा करता येतो. पुढची तीस आणि त्यापुढची तीस हे आजच्या मालकाने तोंडभरून दिलेलं आश्वासन असतं. उद्या जमीन दुसऱ्याच्या हातात गेली तर तो ते पाळायला बांधील नाही. पहिली ३० वर्षं पक्की, पण तीही जमीन कचेरीत नोंदवली तरच. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार नोंदवला नसेल तर तो तीन वर्षांपुरताच चालतो. नोंदवलेला असेल तर मालकाने जमीन विकली तरी नव्या मालकाला तुम्हाला उठवता येत नाही. नोंदणीचा खर्च मुदतभराच्या एकूण भाड्यावर १ टक्का आणि वर ०.१ टक्का मुद्रांक. एवढ्यासाठी कुणी नोंदणी टाळा म्हणालं तर त्याचा दुसरा कुठलाही सल्ला ऐकू नका.

आता जरा हिशेब करू. तुम्ही ५७ च्या, यजमान ६१. तीस वर्षांचा नोंदवलेला भाडेपट्टा आज केलात तर तो संपेल तेव्हा तुम्ही ८७ च्या असाल आणि ते ९१ चे. मग मालकीची एवढी ओढ कशाची आहे? मला ती कळते, ताई. सातबाऱ्यावर नाव नसेल तर ते घर आपलं नाही, या समजुतीत आपण वाढलो. भाड्याच्या जागेत राहणं म्हणजे अर्धवट राहणं, असं आपल्या आईवडिलांना वाटायचं आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. पण तुम्ही पत्रात जे मागितलं आहे ते पुन्हा वाचा: सकाळी अंगणात चहा, यजमानांचे भाजीचे वाफे, कुणी उठवणार नाही याची खात्री. यातल्या कशालाही मालकी लागत नाही. मालकी लागते ती मागे ठेवून जाण्यासाठी, आणि मुलाला तर ती जमीन नकोच आहे. हवी असती तरी परदेशी वारसाला तिथली जमीन ठेवता येणं जवळपास अशक्य, ती विकावीच लागते.

भाडेपट्ट्याच्या शेजारी आणखी दोन हक्क आहेत, ते एजंट सहसा सांगत नाहीत. एक म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या मालकीची इमारत ठेवण्याचा हक्क. थायलंडमध्ये जमीन आणि तिच्यावरचं घर यांची मालकी वेगळी असू शकते, म्हणजे जमीन तिची आणि घर तुमचं, असं उघडपणे आणि कायद्याने करता येतं. बांधकामाचा परवाना आणि पावत्या तुमच्या नावावर हव्यात. दुसरा म्हणजे उपभोगाचा हक्क, आपल्या जुन्या कागदपत्रांत "तहहयात" म्हणतात तसा. जिवंत असेपर्यंत त्या जमिनीवर राहायचं, तिचं उत्पन्न घ्यायचं; माणूस गेला की हक्क संपला. हे दोन्ही जमीन कचेरीत नोंदवले जातात, मालकीच्या कागदाच्या पाठीवर चढतात, आणि दोघांच्याही नावाने करता येतात. भाडेपट्टाही दोघांच्या नावाने करा. भाडेकरूच्या मृत्यूबरोबर भाडेपट्टा संपतो असं तिथली न्यायालयं मानतात, म्हणून मागे राहणाऱ्याचा हक्क चालू राहील असं कलम स्पष्ट शब्दांत घालून घ्या.

मात्र या सगळ्यात एक अट आहे: जमीन खरोखरच तिची, तिच्या पैशाची असली पाहिजे. पैसे तुम्ही द्यायचे, जमीन तिच्या नावाने घ्यायची आणि लगेच तिच्याकडून भाडेपट्टा लिहून घ्यायचा, असं केलंत तर फिरून बेनामीच. तिच्या घरच्या जमिनीतला एखादा तुकडा असेल, किंवा दीड राय विकायला काढणारा मूळ मालकच दीर्घ मुदतीने द्यायला तयार असेल, तर तिथून सुरुवात करा.

आता यजमानांच्या नागरिकत्वाबद्दल. ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जमीन, वास्तव्य आणि नागरिकत्व या तिन्हींची खाती वेगळी आहेत. एकात पैसे भरले म्हणून दुसऱ्यात जमा होत नाहीत. थायलंडचा नागरिकत्व कायदा १९६५ चा. त्यात सलग ५ वर्षांचं वास्तव्य, नियमित कामधंदा आणि थाई भाषेचं ज्ञान अशा अटी आहेत. पण व्यवहारात ती ५ वर्षं कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यापासून मोजतात. तो परवाना एका देशाच्या वर्षाला १०० लोकांनाच मिळतो, आणि अर्ज करण्याआधी सलग ३ वर्षं वर्षावर्षाचा व्हिसा टिकवलेला असावा लागतो. हा मार्ग मुख्यतः तिथे नोकरी-धंदा करून कर भरणाऱ्यांचा, किंवा थाई जोडीदार असणाऱ्यांचा. तुम्ही निवृत्तीच्या व्हिसावर जाणार, त्यात काम करायला बंदी आहे. त्या व्हिसावरून नागरिकत्वाकडे सरळ रस्ता निघत नाही. "पाच-सहा वर्षांत" हे कुठून आलं ते यजमानांना शांतपणे विचारा. बहुधा त्याच एजंटाकडून.

आणि समजा मिळालंच, तर? भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळू शकेल, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर गोष्ट वेगळी. गावाकडची शेती यजमानांना इतकी जिव्हाळ्याची आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. दीड रायसाठी ते पासपोर्ट सोडतील का, हे त्यांनाच विचारून बघा. मला तसं वाटत नाही.

खरं तर तुमच्या बेतात सगळ्यात कच्चा दुवा जमिनीचा नाहीच, व्हिसाचा आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना मिळणारा निवृत्तीचा व्हिसा वर्षभराचा असतो आणि दर वर्षी वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेव किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवावं लागतं. ठेवीचे पैसे वाढीच्या आधी २ महिने आणि नंतर ३ महिने जसेच्या तसे ठेवायचे, त्यापुढे निम्म्याखाली जाऊ द्यायचे नाहीत. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. घर तीस वर्षांचं आणि परवानगी एका वर्षाची, हे गणित डोळ्यांसमोर ठेवलंत तर आयुष्याची पुंजी तिथे किती गुंतवायची ते आपोआप ठरेल. माझ्या मते, जी रक्कम पूर्ण गेली तरी पुण्यामुंबईत परत येऊन नीट जगता येईल, तेवढीच.

आणखी एक. तुम्ही सातही वेळा डिसेंबर-जानेवारीत गेलात, म्हणजे चिआंग माईचे सगळ्यात सुंदर दिवस पाहिलेत. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतातला पालापाचोळा जाळतात, डोंगरात वणवे लागतात, आणि शहर डोंगरांच्या कुशीत असल्याने धूर बसून राहतो. त्या आठवड्यांत तिथली हवा जगातल्या सगळ्यात वाईट शहरांत गणली जाते. यजमानांना दमा आहे हे तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला ते सगळ्यात आधी वाचायला आवडलं असतं. काहीही नोंदवण्याआधी एक अख्खं वर्ष भाड्याच्या घरात काढा. मार्च तिथे काढा, पाऊस काढा, एकदा तिथल्या दवाखान्यात ताप दाखवून या.

वर्षभरानंतरही मालकीच हवी असं वाटलं, तर फ्लॅटचा विचार करा. १९७९ च्या कायद्यानुसार एखाद्या नोंदणीकृत कॉन्डोमिनियममधल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी माणसांच्या थेट नावावर असू शकतं. पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचं थाई बँकेचं पत्र लागतं, ते जपून ठेवा. वाफे होणार नाहीत, कुंड्या होतील.

जमिनीच्या बाजूचं बोलायचं तर मालकीचा कागद कोणता हे स्वतः पाहा. पूर्ण मालकीच्या कागदाला चानोट म्हणतात, त्यावर लाल गरुडाचा शिक्का असतो आणि हद्दी मोजलेल्या असतात. हिरव्या आणि काळ्या गरुडाचे कागद त्याखालचे. डोंगराकडच्या भागात पुष्कळ जमीन शेती सुधारणेखाली शेतकऱ्यांना दिलेली असते. ती बाहेरच्याला विकता येत नाही, कुणी कितीही स्वस्त देवो. वकील स्वतः शोधा, एजंटाने सुचवलेला नको, आणि करार थाई भाषेतला खरा धरला जाणार असल्याने त्याचं भाषांतर तिसऱ्याकडून करून घ्या.

भारताच्या बाजूने, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण बँकेत कारण लिहून सही करावी लागते. मैत्रिणीच्या नावाच्या जमिनीसाठी तिथे काय लिहिणार? तुम्ही स्वतः बँकेत होतात, तुम्हाला मी काय सांगावं. भारतात करदृष्ट्या निवासी असेपर्यंत परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवायची असते. लपवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. आणि थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहिलात तर २०२४ पासून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कराचा प्रश्न येतो. दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या सीएशी एकदा बसा.

दुसऱ्या देशांकडे डोळे लावून बसलेल्या वाचकांसाठी इथेच लिहून टाकते. बालीत पूर्ण मालकीची जमीन फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. फिलिपिन्समध्ये ही मनाई थेट राज्यघटनेत आहे. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला बँकेच्या ट्रस्टमार्फतच घर घेता येतं. पोर्तुगालने २०२३ मध्ये घर घेऊन निवास परवाना मिळवण्याची सोय बंद केली, स्पेनने २०२५ मध्ये. तेही परवानेच होते, नागरिकत्व नव्हे. मालमत्तेबरोबर नागरिकत्व मिळतं असं सांगणाऱ्याला ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिलं आहे, एवढंच विचारा.

राहता राहिली तुमची मैत्रीण. तिला नकार देताना अविश्वासाचा वास येईल ही तुमची भीती मला पटते. तिला असं सांगून पाहा: "तू आमच्यासाठी एवढं करायला निघालीस, हे आम्ही विसरणार नाही. पण यात तुझ्यावर केस होऊ शकते, आणि ते आम्हाला चालणार नाही. आम्हाला एक वर्षासाठी भाड्याने घर बघून दे." तिच्या ओळखीच्या गावात तिच्याइतकं चांगलं घर तुम्हाला कोण बघून देणार आहे?

इसाराचे ३ लाख बाट देऊ नका. एजंटाने "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हटलं तर जाऊ द्या ती जमीन. आणि तिकिटं काढाल ती मार्चची काढा, यजमानांचा पंप सोबत घेऊन.